गोळीची वेळ

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले बाधित १९८६ साली चेन्नईत आढळले, तेव्हा हाती उपचार नव्हता. १ एप्रिल २००४ पासून शासनाने ए.आर.टी. केंद्रांतून औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. आज बहुतेक प्रौढ बाधितांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती नियमाने घेतल्यास रक्तातील विषाणू तपासणीतही सापडेनासे होतात. ही स्थिती टिकली, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

सारा भार ‘नियमाने’ या एका शब्दावर आहे. घराघरांत ही गोळी लपवली जाते. बाटलीवरचे लेबल खरवडले जाते, गोळ्या दुसऱ्याच डबीत भरल्या जातात. लग्नघरी मुक्काम पडला की गोळी चुकते. वारंवार खंड पडला की विषाणू औषधाला दाद देत नाही, प्रतिकारशक्ती ढासळते आणि क्षयरोग शिरतो. बाधितांच्या मृत्यूंचे प्रमुख कारण आजही क्षयरोगच आहे.

जैन घरांत याला आणखी एक पदर आहे. पूर्वीच्या गोळीत एफाविरेंझ असे. तिने गरगरल्यासारखे होई, म्हणून ती रात्री निजताना घ्यावयाची. चौविहार पाळणाऱ्या सुनेने सूर्यास्तानंतर कोणत्या निमित्ताने पाण्याचा पेला उचलावा? डोल्युटेग्राव्हिरची गोळी सकाळीही चालते, जेवणाआधी वा नंतर. केंद्रातील डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते. कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील, तर तेही त्यांना सांगावे. त्यांच्यामुळे हे औषध नीट शोषले जात नाही.

पर्युषणातील निर्जल उपवासांत मात्र दिवसाही वाट नसते. अठाईच्या उत्साहात आठ दिवस गोळी बंद ठेवणे तपापेक्षा महाग पडते. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात. व्याधीत चित्तसमाधी राहावी म्हणून औषध घेणे हा त्यांतलाच एक. “रोजचे औषध चुकवता येत नाही,” एवढे महाराजसाहेबांना सांगून मार्गदर्शन घेता येते. आजाराचे नाव उच्चारावे लागत नाही.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने नोकरी, शाळा व रुग्णालयातील भेदभावास मनाई केली आहे. स्वयंपाकघरापर्यंत तो फारसा पोचत नाही. तेथे वेगळे ताट निघते, खरे तर एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही. ज्या घरी निदान एका माणसाला ठाऊक असते, तेथे यात्रेची पिशवी भरताना ती डबी कोणीतरी आठवणीने आत ठेवते.