विहिरीचं पाणी आणि मॅनाटीचा हिवाळा

गोंदियाजवळच्या नागऱ्याला पौषातल्या पहाटे कुणी विहिरीवर अंघोळीला गेलं, तर बादलीतलं ताजं पाणी त्याला कोमट लागतं. विहिरीच्या तोंडाशी वाफेसारखं धुकंही तरंगताना दिसतं. त्याच विहिरीचं पाणी वैशाखातल्या दुपारी अंगावर घेतलं की शहारा येतो. यामागचं कारण वर्गात विचारलं, तर एक उत्तर हमखास मिळतं: "जमीन हिवाळ्यात आतून गरम होते आणि उन्हाळ्यात थंड होते."

उत्तर खरं की खोटं, हे मोजून ठरवता येतं. प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर दोरीने नुसता खाली सोडून उपयोग नाही, कारण वर ओढेपर्यंत त्यातला पारा सरकतो. म्हणून तो एका रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावा, बाटलीला दगड बांधावा, ती पाण्यात खोल सोडून पाच-दहा मिनिटं थांबावं आणि भरलेल्या बाटलीसकट वर काढून आकडा वाचावा. जानेवारीत आणि मे महिन्यात असं मोजलं, तर या भागात दोन्ही वेळा आकडा २६-२७ अंश सेल्सिअसच्या आसपास येईल. फार तर दोन-तीन अंश इकडेतिकडे. हवेचं तापमान मात्र जानेवारीच्या पहाटे १० अंशांपर्यंत उतरतं आणि मे महिन्यात ४४ च्या पुढे जातं. म्हणजे पाणी जवळपास तेच असतं, बदलते ती हवा, आणि हवेत वावरणारी आपली कातडी त्या पाण्याला कधी कोमट म्हणते, कधी गार.

पाणी तसंच का राहतं? माती आणि खडक उष्णता फार हळू वाहून नेतात. उन्हाळ्यात तापलेल्या पृष्ठभागाची ऊब खाली निघते, पण साधारण प्रत्येक अडीच मीटरला तिचा चढउतार एक तृतीयांशाच्या जवळपास येतो. आठ-दहा मीटर खोलीवर वर्षभराच्या चढउताराची नुसती चाहूल उरते. तिथे तापमान स्थिरावतं ते वर्षाच्या सरासरीपाशी. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांची बेरीज करून जमिनीने सरासरी काढून ठेवली आहे, असंच म्हणा ना!

ही ऊब खाली पोचायला वेळही लागतो. सात-आठ मीटरवर उन्हाळा पोचतो तेव्हा वर हिवाळा सुरू झालेला असतो. म्हणजे मुलांचं ते उत्तर अगदीच टाकाऊ नाही. पण त्या खोलीवरचा हा फरक एक अंशाचाही नसतो, आणि एवढ्याशा फरकाने पाणी कोमट लागत नाही.

जमिनीच्या या गुणावर एका अवाढव्य प्राण्याचा हिवाळा अवलंबून आहे. मात्र तो पाहायला अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात जावं लागेल. नागऱ्याच्या परिसरातला खडक जुना, कठीण आणि स्फटिकमय. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं, त्यामुळे इथले झरे बारीक. आपल्या जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या तर नावातच झिरा आहे. फ्लॉरिडाच्या पोटात मात्र चुनखडक आहे. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात तो हजारो वर्षं विरघळत गेला आणि त्यात गुहा व भुयारं तयार झाली. त्या भुयारांतून पाणी नदीसारखं वाहतं आणि जागा मिळेल तिथे उसळून वर येतं. असे एक हजाराहून अधिक झरे त्या राज्यात आहेत. मध्य फ्लॉरिडाची वर्षाची सरासरी २२ अंशांच्या आसपास, म्हणून तिथल्या झऱ्यांचं पाणीही बारा महिने साधारण २२ अंश. (वज्रेश्वरी किंवा उनकेश्वरच्या गरम कुंडांशी याची गल्लत करू नये. ते पाणी फार खोलवर जाऊन पृथ्वीच्या आतल्या उष्णतेने तापून येतं.)

या झऱ्यांत हिवाळ्यात मॅनाटी येतात. मॅनाटी हा पाण्यात राहणारा, गवत आणि पाणवनस्पती खाणारा सस्तन प्राणी. लांबी तीन मीटर, वजन चार-पाचशे किलो, रंग राखाडी, पुढे वल्ह्यासारखे दोन हात आणि मागे पंख्यासारखी चपटी गोल शेपटी. दर तीन-पाच मिनिटांनी नाक वर काढून तो श्वास घेतो. विश्रांती घेत असेल तर वीस मिनिटंही पाण्याखाली राहतो. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे देवमासे किंवा सील नव्हेत, तर हत्ती! वल्ह्यांच्या टोकांना हत्तीच्या पायासारखी नखं असतात, आणि झिजलेल्या दाढा पुढे सरकून गळतात व मागून नव्या येतात. २०२२ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीमार्गे आलेला हत्तींचा कळप गोंदिया जिल्ह्यातही शिरला होता, तेव्हा हे नातं मुलांना सांगायला सोपं आहे. भारतात मॅनाटी नाही. त्याचा चुलतभाऊ डुगाँग कच्छच्या आखातात, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आणि अंदमानात आढळतो, पण तो पूर्णपणे समुद्रातला.

एवढ्या धिप्पाड प्राण्याला थंडी कशी काय बाधते? मोठ्या शरीराची उष्णता सावकाश जाते, असं आपणच शिकवतो. ते बरोबरच आहे. पण उष्णता टिकवण्याआधी ती तयार व्हावी लागते. मॅनाटीचं अन्न निकृष्ट, त्याचा चयापचय संथ. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सस्तन प्राण्याच्या मानाने तो जेमतेम एक चतुर्थांश ते एक तृतीयांश उष्णता निर्माण करतो. देवमाशासारखा चरबीचा जाड थरही त्याच्यापाशी नाही. शिवाय पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं. पाण्याचं तापमान २० अंशांच्या खाली गेलं आणि बरेच दिवस तसंच राहिलं, की मॅनाटीचं खाणं सुटतं, पचन थांबतं, कातडीवर व्रण उठतात आणि शेवटी तो मरतो. २०१० च्या कडक हिवाळ्यात फ्लॉरिडात २८० हून अधिक मॅनाटी थंडीने मेल्याची नोंद आहे. नदी १६ अंशांवर आणि शेजारचा झरा २२ वर असेल, तर त्या सहा अंशांत त्याचा जीव असतो.

सेंट जॉन्स नदीच्या काठचं 'ब्लू स्प्रिंग' हे राज्य उद्यान यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे लोक दोन गोष्टींसाठी जातात: पोहायला आणि मॅनाटी पाहायला. पण दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत. उन्हाळ्यात बाहेर ३५ अंशांची काहिली असताना २२ अंशांच्या निळ्याशार पाण्यात उडी मारायला गर्दी होते. पाठीला भोपळा बांधून मे महिन्यात विहिरीत पडणाऱ्या आपल्या मुलांचंच हे सुख. तेव्हा मॅनाटी नद्यांत आणि किनाऱ्यावर चरायला पांगलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मात्र पाण्यात उतरायला बंदी असते. लोकांनी काठावरच्या लाकडी वाटेवरून पाहायचं. हा नियम अतिरेकी वाटू शकतो, कारण मॅनाटी अंगावर येत नाही आणि माणूसही त्याला मारायला जात नाही. पण पोहणाऱ्यांच्या गडबडीने तो बिचकून नदीत गेला, तर गारठ्यात त्याला पुन्हा ऊब शोधावी लागते. त्याला नुसतं हुसकावणंही महागात पडतं. म्हणून हा नियम मला योग्य वाटतो. फ्लॉरिडातच क्रिस्टल रिव्हर या ठिकाणी मॅनाटींच्या जवळ पोहायला परवानगी आहे, पण पाठलाग करायचा नाही, वाट अडवायची नाही, अशा अटींवर.

खरी अडचण पोहणाऱ्यांची नाहीच. झरा म्हणजे भूजलाचं उतू जाणं. गावं, शेती आणि बागांसाठी विंधन विहिरींतून उपसा वाढला की झऱ्याची धार बारीक होते, आणि तिच्याबरोबर उबदार पाण्याचा पट्टाही आखूड होतो, कारण नदीचं थंड पाणी आत घुसतं. म्हणून २००६ मध्ये तिथल्या जल व्यवस्थापन मंडळाने ठरवलं, की ब्लू स्प्रिंगचा सरासरी प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवून २०२४ पर्यंत सेकंदाला १५७ घनफूट व्हावा. याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, दिवसाला होतात सुमारे ३८ कोटी लिटर. माणशी ५५ लिटर धरले, तर सुमारे ७० लाख माणसांचं पाणी. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाखांच्या थोडी वर होती. एवढं पाणी एका प्राण्याच्या उबेसाठी वाहू द्यावं का, हा वाद वर्गात जरूर रंगू द्यावा. मात्र हे पाणी ऊब देऊन संपत नाही, पुढे नदीलाच मिळतं, हेही सांगावं.

धार टिकवण्याची निकड आणखी एका कारणाने आहे. फ्लॉरिडातले निम्म्याहून अधिक मॅनाटी आता झऱ्यांऐवजी वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यावर हिवाळा काढतात. जुनी केंद्रं आज ना उद्या बंद होणार. पिल्लू हिवाळ्याची जागा आईमागून जाऊन शिकतं, त्यामुळे केंद्राची सवय लागलेले मॅनाटी आपणहून झऱ्याकडे वळतीलच असं नाही.

ब्लू स्प्रिंगवर हिवाळ्यात सकाळी होडीतून शिरगणती होते. बोटींच्या पंख्यांनी पाठीवर झालेल्या जखमांच्या वणांवरून एकेक प्राणी ओळखला जातो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही संख्या तीन-चार डझनांच्या आत होती. जानेवारी २०२४ मध्ये एका थंड सकाळी तिथे ९३२ मॅनाटी मोजले गेले. आकडा वाचताना त्या दिवशीचं नदीचं तापमानही पाहावं लागतं, कारण नदी उबदार झाली की तेच मॅनाटी चरायला बाहेर पडतात आणि झरा रिकामा दिसतो.

नागऱ्याच्या आसपासच्या मुलांना हाच फरक थंडीत मोजता येईल. एकाच पहाटे गावच्या बोडीचं आणि विहिरीचं तापमान घ्यायचं, आठवडाभर दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडायचे, आणि २० अंशांवर एक आडवी रेघ ओढायची. बोडीचं पाणी त्या रेघेखाली कोणत्या दिवशी उतरतं, ते पाहायचं.