गिनी पिग पाळायचे, पण किती? एक नको, नर-मादी तर नकोच

सुरत : लिंबायत, उधना, पांडेसरा भागातल्या लहान खोल्यांत कुत्रा पाळणं अवघड. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. मग पोरांचा हट्ट गिनी पिगवर येतो. आणायचे किती?

एकटा आणू नका. हा कळपातला प्राणी, एकटा पडला की मलूल होतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. सोबतीला ससाही नको. त्याच्या लाथेने इजा होते.

‘जोडी’ म्हणजे नर-मादी असं समजू नका. हिशोब बघा : गाभण काळ साधारण ६५ दिवस, एका वेताला दोन ते चार पिल्लं, आणि व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे वर्षाला पाच वेतं, पंधराएक पिल्लं! त्यात मादीच्या जिवाचे हाल वेगळेच.

दोन माद्या सगळ्यांत सोयीच्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, जनावरांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. दोघींना किमान चार बाय दोन फूट मोकळी जागा, कायम सुकं गवत आणि क जीवनसत्त्वासाठी रोज थोडी सिमला मिरची लागते.

मात्र पत्र्याखालची मे महिन्याची गरमी त्यांना सोसत नाही, उष्माघाताने जीव जातो. खोली गार ठेवणं जमत नसेल, सुट्टीत गावी गेल्यावर मागे बघणारं कुणी नसेल, तर योग्य आकडा एकच : शून्य. जबाबदारी पाच ते आठ वर्षांची आहे.