विहिरीच्या पाण्याचा जाब

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी या भागांत गुलेन बॅरी अर्थात जीबीएस या मज्जाविकाराने थैमान घातले, तेव्हा पुणे महापालिकेत लोकनियुक्त सभा नव्हतीच. तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे ज्याने जाब द्यावयाचा, त्यानेच तो विचारावयाचा!

ही गावे २०२१ मध्ये शहरात आली, परंतु शुद्धीकरण केंद्रातील पाणी काही त्यांच्या वाट्यास आले नाही. खडकवासल्याचे पाणी नांदेडच्या विहिरीत यावे, तेथे त्यात क्लोरीन मिसळावे आणि तेच घरोघर जावे, असा क्रम होता. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. काहींच्या शौच-नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू आढळले आणि मग सर्वांना विहीर आठवली.

सभा असती तर रोग टळला असता, असे आमचे म्हणणे नाही. नगरपित्यांचा आरोग्यविषयक उत्साह नालेसफाईच्या छायाचित्रांपलीकडे क्वचितच जातो, हे पुणेकर जाणतात. तथापि या पाण्याची तपासणी केव्हा झाली, एवढा प्रश्न एखाद्या सभासदाने केला असता, तरी उत्तर इतिवृत्तात नोंदवावे लागले असते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, हे बंधन ७४ व्या घटनादुरुस्तीने घातले ते उगाच नव्हे.

आता सभागृह पुन्हा भरले आहे. समाविष्ट गावांतील प्रत्येक जलस्रोताचा तपासणी-अहवाल दरमहा सभेच्या पटलावर ठेवावा, अशी आमची मागणी आहे.