ऐकीव मजकूर व अब्रूनुकसानीचा कायदा

नारपोलीच्या एखाद्या यंत्रमाग कारखानदारानें, ‘अमुक व्यापारी सूत वजनांत कमी देतो’ असा दुसऱ्याकडून आलेला मजकूर व्हॉट्सॲपवरील गटांत तसाच पुढें धाडला, तर दोषी कोण? ‘मूळ लेखक मी नव्हे’ हें उत्तर तयारच असतें. तें जुनें आहे, व पूर्वींहि न्यायालयांत टिकलें नाहीं.

1882 सालीं पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीं कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांजवर, ते तरुण छत्रपतींचा छळ करितात, असा आरोप केला. त्यास आधार म्हणून जीं पत्रें घेतलीं, तीं बनावट ठरलीं. आगरकर व टिळक यांचा हेतु निर्मळ होता. तथापि त्यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत त्यांचे 101 दिवस गेले.

कायद्याची कसोटी अद्यापि तीच आहे. दंडसंहितेच्या 499 व्या कलमाच्या जागीं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचें 356 वें कलम आलें. कोणत्याहि रीतीनें प्रसिद्ध केलेला बदनामीकारक आरोप त्यांत येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, अथवा समाजसेवा. फौजदारींत आरोप खरा असणें पुरेसें नाहीं. तो प्रसिद्ध करणें लोकहिताचेंहि असावें लागतें. आणि सद्भाव म्हणजे भाबडेपणा नव्हे. योग्य ती काळजी न घेतां केलेल्या कृतीस कायदा सद्भावाची मानीत नाहीं.

गटचालकाची गोष्ट निराळी. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतु सिद्ध झाल्यावांचून, त्यास जबाबदार धरतां येत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें 2021 सालीं ठरविलें.

अटकेची घाई कोठवर जाते, तें नोव्हेंबर 2012 मध्यें पालघरला दिसलें. फेसबुकवरील एका मताबद्दल दोन तरुणींस अटक झाली. एकीनें तें लिहिलें, दुसरीनें नुसती पसंती दर्शविली होती! त्यांवर लाविलेलें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें 66अ कलम सर्वोच्च न्यायालयानें 24 मार्च 2015 रोजीं रद्द केलें. बदनामीचा गुन्हा मात्र अदखलपात्र व जामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यांत नोंद होईल. पण फिर्याद अब्रू गेलेल्यानेंच भिवंडीच्या दंडाधिकाऱ्यांपुढें तीन वर्षांच्या आंत न्यावयाची, आणि भरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आंत. मजकुराचें छापील चित्र तेवढें नेऊन भागत नाहीं. साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाप्रमाणें प्रमाणपत्र जोडावें लागतें, म्हणून मूळ संदेश पुसूं नये.