उल्हासचं खोरं, लेखांक ६ : पाणलोट आधी, प्लॉट नंतर

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या बहुतेक नद्या आटून डबक्यांवर आलेल्या असतात. बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्याशी मात्र उल्हास वाहत असते, आणि हे उन्हाळी पाणी बरंचसं तिचं स्वतःचं नसतं. घाटावर मावळात आंद्रा नदीवर टाटांनी ठोकरवाडीचं धरण बांधलं, ते पाणी डोंगरातून खाली उतरवून १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजगृह सुरू केलं. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी पेज नदीत पडतं आणि पेजेतून उल्हासमध्ये येतं. भीमेच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं ते पाणी गेली शंभर वर्षं अशा रीतीनं पश्चिमेला वळलेलं आहे. त्याच्या वाटेवर बदलापूर-अंबरनाथपासून कल्याण-ठाण्यापर्यंतच्या पाणीयोजना उभ्या राहिल्या.

या आठवड्याचा विषय नियोजन. त्याची सुरुवात पाण्याच्या या वाटेपासून केली, कारण नियोजनाचा नकाशा उघडला की तीच वाट त्यात सापडत नाही. मुंबई महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना मुरबाड आणि शहापूर तालुक्यांच्या वेशीवर थांबते. २०१९ मध्ये प्रदेशाची हद्द वाढवली, पालघर, पेण, अलिबागकडचा भाग आत आला, क्षेत्र सहा हजार चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. मुरबाड आणि शहापूर तेव्हाही बाहेरच राहिले. बारवी धरणाच्या बुडितात गेलेली तोंडली, मोहघर, काचकोली, कोळेवडखळ ही गावं मुरबाडची. काळू नदी मुरबाडची, भातसा शहापूरची. म्हणजे पाणी पिणारी शहरं योजनेच्या आत आणि पाणी साठवणारे डोंगर योजनेच्या बाहेर. उल्हासनगरकडे तर स्वतःचा पाण्याचा स्रोतच नाही. ते एमआयडीसीकडून पाणी घेतं आणि एमआयडीसी ते बारवीतून सोडते. तरी बारवीच्या पाणलोटातलं जंगल राहील की तिथे बंगल्यांचे प्लॉट पडतील, या प्रश्नात उल्हासनगरच्या आराखड्याला काडीचाही अधिकार नाही.

आता खुद्द तीन शहरांकडे येऊ. पश्चिमेला मलंगगड, टावली, चंदेरी आणि पुढे माथेरानची रांग. पूर्वेला उल्हास. मधल्या चिंचोळ्या उतारावर कल्याण-कर्जत रेल्वे आणि तिला बिलगून वाढलेली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. डोंगरावर पडलेला पाऊस पूर्वेला धावणार, आणि रेल्वेचा भराव, महामार्ग, इमारतींची कुंपणं त्याला आडवी येणार. या उतारावरच्या प्रवाहांत वालधुनी नदी तेवढी वेगळी. अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते, रेल्वेच्या काकोळे तलावापासून खाली येते, उत्तरेला वळून अंबरनाथ आणि उल्हासनगर पार करते आणि कल्याणला खाडीत जाते. उगमापासून मुखापर्यंत जेमतेम तीन शहरं, एक औद्योगिक वसाहत आणि रेल्वे. एवढ्याशा नदीचं पालकत्व इतक्या यंत्रणांत वाटलं गेलं आहे की संपूर्ण नदी कुणाचीच नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा अंबरनाथचं शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन देऊळ वालधुनीच्या काठावर आहे, आणि काठावर आहे ते योगायोगानं नव्हे. बांधणाऱ्यांनी आधी पाणी पाहिलं आणि मग जागा ठरवली. आज केंद्रीय पुरातत्त्व कायद्यानुसार या देवळाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. हे योग्यच आहे. पण ज्या नदीमुळे देऊळ तिथे उभं राहिलं, तिला काय मिळतं? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नाल्यापासून ९ मीटर आणि नदीपासून १५ मीटर अंतर सोडायचं आहे, तेही प्रवाह नकाशात दाखवलेला असेल तर. डोंगरातून उतरणारा, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यानं धावणारा आणि दिवाळीनंतर कोरडा पडणारा ओहोळ नकाशात नसेल, तर नियमांच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. तिथे भराव पडतो, वर सिमेंटचा पाइप टाकला जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधत सोसायटीच्या तळमजल्यात येतं.

भरावाचा हिशेब मांडून पाहायला हवा. भातखाचराचा बांध साधारण वीतभर उंच असतो. १५ सेंटिमीटर धरला, तर एक हेक्टर खाचरात १५०० घनमीटर, म्हणजे १५ लाख लिटर पाणी थांबतं. ते थोडं जिरतं, थोडं सावकाश पुढच्या खाचरात सरकतं. शंभर हेक्टर खाचरं भरावाखाली गेली की एका मुसळधार पावसात १५ कोटी लिटर पाण्याला थांबायला जागा उरत नाही. ते सगळं एकदम नदीकडे धाव घेतं. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. ही घरं कुठेतरी उभी राहणारच होती, आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसाला ती हवीच होती. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. वालिवली, हेंद्रेपाडा, रमेशवाडी या नदीकाठच्या वस्त्यांना २६ जुलै २००५ नंतरही पुन्हा पुन्हा पाण्यात बसावं लागलं आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली, हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटी आणि हेलिकॉप्टरच्या मदतीनं सोडवावं लागलं. ते छायाचित्र देशभर गेलं. त्या छायाचित्रात गाडीभोवती दिसणारं पाणी ज्या सपाटीवर पसरलं होतं, ती नदीची स्वतःची पूरभूमी होती.

पूररेषांचा विषय इथे थोडक्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी. बदलापुरात या रेषांवरून जो वाद चालू आहे, त्यात जमीनमालकांची अडचण खरी आहे: काल रहिवासी क्षेत्रात असलेली जमीन आज निषिद्ध क्षेत्रात गेली तर त्याचं काय? पण हा अन्याय रेषेनं केलेला नाही. रेषा आखण्याआधी जमिनीला रहिवासी रंग दिला, तिथे तो झाला. आधी पाणलोट आणि पूरभूमी आखायची, मग उरलेल्या जमिनीवर रंग भरायचे, हा क्रम पाळला असता तर कुणाच्याही सात-बाऱ्यावर आघात झाला नसता.

आणि हा क्रम कायद्याला नवा नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. प्रादेशिक योजनेत काय काय असावं हे सांगणाऱ्या त्याच्या कलम १४ मध्ये वनं, वन्यजीव आणि नैसर्गिक संपत्तीचं जतन आहे, धूप रोखणं आणि वनीकरण आहे, नद्या-तलावांच्या काठांची सुधारणा आहे, पूरनियंत्रण आणि नदीप्रदूषणाला आळा आहे. कलम लिहिणाऱ्यांनी परिसंस्था हा शब्द वापरला नाही, पण आशय तोच आहे. प्रत्यक्षात १९९९ मध्ये मंजूर झालेल्या महानगर प्रदेशाच्या योजनेपासून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या योजनेपर्यंत निसर्गाच्या वाट्याला आला तो हरित पट्टा, आणि हरित पट्ट्याचं वर्तमान प्रत्येक जमीन-दलालाला ठाऊक आहे: ‘ग्रीन’चा ‘यलो’, म्हणजे रहिवासी, करून घ्यायचा. फेरबदलाची तरतूद कायद्यात आहे, ती असायलाही हवी. पण प्रत्येक फेरबदल जमिनीच्या एका गटापुरता तपासला जातो. शंभर गटांचे शंभर फेरबदल मिळून ओढ्याचं काय झालं, हे पाहण्याची जबाबदारी कुठल्याच टेबलावर नाही. नद्यांच्या काठी कुठले उद्योग कितपत जवळ असावेत हे ठरवणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं, तेही फेब्रुवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळानं रद्द केलं. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी, नोव्हेंबर २०१४ अखेरीस, उल्हासनगरात वालधुनीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं होतं आणि शेकडो माणसं श्वास गुदमरून रुग्णालयांत दाखल झाली होती. ती घटना ताजी असताना धोरण रद्द व्हावं, हे मला आजही पटत नाही.

प्रदूषणाची कथाही शेवटी भूगोलाचीच आहे. उल्हासनगरचा खेमाणी नाला उल्हासला जिथे मिळतो, तिथून जवळच शहाडकडे लाखो माणसांसाठी पाणी उचललं जातं. एका शहराचं सांडपाणी आणि दुसऱ्याचं पिण्याचं पाणी यांच्यात फार अंतर नाही. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन मोहन्याच्या बंधाऱ्याशी जलपर्णी माजते, ती काढायला यंत्रं लागतात. ‘वनशक्ती’ संस्था या नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादात गेली, लवादानं २०१५ मध्ये स्थानिक संस्था, एमआयडीसी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना दंड ठोठावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. न्यायालयांनी केलं ते मोलाचं आहे. तरीही नाला नदीला कुठे मिळावा आणि पाणी कुठून उचलावं, हे दोन निर्णय एकाच नकाशावर घेणं हे काम न्यायालयाचं नव्हे.

असा एकच नकाशा इतरत्र कुणी केला आहे का? फिलिपिन्सची राजधानी मनिला ज्याच्या काठाशी पसरली आहे, ते लागुना दे बाय हे सुमारे ९०० चौरस किलोमीटरचं सरोवर. वीसहून अधिक नद्या-ओढे त्यात येतात, बाहेर पडायला पासिग ही एकच वाट. त्या सरोवराच्या खोऱ्यासाठी प्राधिकरण स्थापन करणारा कायदा १९६६ चा, आपल्या नगररचना कायद्याच्याच वर्षीचा. पुढे १९७५ मध्ये त्याचे अधिकार वाढले आणि खोऱ्यातल्या नगरपालिकांच्या आराखड्यांना आणि प्रकल्पांना त्याची मान्यता घेणं आवश्यक झालं. सरोवराची सरासरी कमाल पातळी १२.५ मीटर धरून त्याखालची जमीन सरोवराचाच तळ मानली गेली. १९९७ पासून सांडपाणी सोडणाऱ्यांकडून प्रदूषणाच्या भारानुसार शुल्क घेतलं जातं. लागुनाचं पाणी यामुळे निर्मळ झालं असं नाही. काठावरची अतिक्रमणं आणि मत्स्यपालनाच्या जाळ्यांचे झगडे तिथेही आहेत. पण नगरपालिकेनं प्रकल्प आखला की ‘खोऱ्याला हे सोसेल का’ हा प्रश्न विचारणारं कार्यालय तिथे आहे. आपल्याकडे ते नाही.

आणि आपल्याकडे त्याचा पाया नाही असंही नाही. बारवीची उंची वाढवताना विस्थापित झालेल्यांना, जे पाणी घेतात त्या महापालिका आणि नगरपालिकांनी नोकऱ्या द्याव्यात, हे तत्त्व सरकारनं मान्य केलं. पाणी पिणारा पाणी देणाऱ्याचं देणं लागतो, हे त्यात कबूल झालं आहे. तेच तत्त्व पाणलोटाला लावता येईल. बारवीच्या भोवतालचं जंगल राखणाऱ्या ठाकर-कातकरी वाड्यांना आणि ग्रामपंचायतींना पाणीपट्टीतला ठरावीक वाटा द्यायचा, आणि मुरबाडचा तो भाग प्रादेशिक योजनेला जोडायचा. घाई आहे, कारण मुंबई-वडोदरा महामार्गाचा फाटा माथेरानच्या रांगेखालून जुळ्या बोगद्यांनी बदलापूरला पनवेलशी जोडतो आहे. रस्ता आला की उताराचे भाव बदलतात, आणि बदलापूरच्या ज्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालं, ती ओढ्याकाठची झाडं त्याच उतारांवर आहेत.

आपल्या शहरात पाणलोट आधी आखला जावा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की लोक हरकती घ्यायला जातात, बहुतेक जण आपल्या जमिनीवरच्या आरक्षणापुरती. ओहोळ मात्र त्याच्या आधीच्या पायरीवर हरवलेला असतो, विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो तेव्हा. त्यावर प्रवाह आला नाही तर पुढच्या कुठल्याही रंगात तो येत नाही. म्हणून नियोजन प्राधिकरण आराखड्याचा इरादा जाहीर करेल त्याच महिन्यात भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा जुना गावनकाशा काढावा, त्यावरचा प्रत्येक ओढा, बांध आणि तळं पावसाळ्यात चालून ताडून पाहावं, फोटो आणि गट क्रमांक जोडून ते लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. काकोळ्यापासून कल्याणपर्यंत वालधुनीच्या काठच्या माणसांनी हे मिळून केलं, तर तिचा पहिला संपूर्ण नकाशा त्यांच्याच हातून तयार होईल. पुढच्या आठवड्यात काळू आणि भातसा.