महिला विभागाची फेरी

सकाळी ६:३०. जालना बसस्थानक. आज कारागृह भेटीची माझी पाळी. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आतल्या बायका दोन्हींत बसतात, तरी कितीतरींना हे ठाऊक नसतं. पिशवीत कोरे वकालतनामे.

९:३०. मोबाइल जमा, नोंदवहीत सही, झडती. मोठ्या दरवाजाच्या आत महिला विभागाचा वेगळा दरवाजा, त्यावर महिला शिपाई. स्त्री-पुरुष बंद्यांनी एकमेकांना दिसू नये, बोलू नये, हे १८९४ च्या कारागृह कायद्याच्या कलम २७ पासून चालत आलंय.

१०:००. अंबड तालुक्यातली कच्ची कैदी, मांडीवर लेक. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. "मॅडम, इथं गड्यांचं भ्याव नाही," ती म्हणते. "पण हाताला काम नाही. दिवस सरत नाही."

११:३०. काम नसण्याचं कारण साधं आहे. देशातल्या कैद्यांत बायका सुमारे चार टक्के. सुतारकाम, हातमाग, वाचनालय हे सारं जास्त डोकी असतात तिकडे उभं राहतं. मूठभर बायकांच्या वाट्याला फार तर शिलाई मशीन.

१२:००. गिनती, बराक बंद. मी अर्ज लावत बसते.

३:००. बराक उघडली. परतूरची बाई, शिक्षा लागलेली. भायखळ्याला स्त्रियांचा स्वतंत्र तुरुंग आहे, येरवड्याला २०१० पासून महिलांचं खुलं कारागृहही. बदलीचा अर्ज करू का, विचारलं.
"शिकायला मिळंल, खरंय. पण लेकरं भेटायला यायची कशी?"
जालना ते पुणे तीनशेच्या आसपास किलोमीटर. अर्ज पिशवीतच राहिला.

५:००. परतीची बस. डेन्मार्कने १९७६ मध्ये रिंगे इथे स्त्री-पुरुषांना एकाच तुरुंगात ठेवून पाहिलं. तसलं काही इथे कुणी मागत नाही. भिंत हवीच, बायकाही तेच म्हणतात. फक्त भिंतीअलीकडे काम हवं, आणि ते लेकरांना एसटीने गाठता येईल एवढ्या अंतरावर.

रात्री ९:००. अंबडच्या बाईचा हा पहिलाच गुन्हा. कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेलाय आणि कलम जन्मठेपेचं नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लागतं. जामीन अर्ज उद्या जालन्याच्या न्यायालयात दाखल करायचा.