कच्चे वाल, सोयाबीन आणि डुकराची पिले

हिवाळ्यात कर्जत-खालापूरच्या बाजूने आगगाडीने गेलात, तर भात कापलेल्या खाचरांत वालाची हिरवी रोपे दिसतील. जमिनीत उरलेल्या ओलीवरच हे पीक येते. त्या वालाचे बिरडे तुम्ही आवडीने खाता. पण ते करायचे म्हणजे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि मग शिजवायचा. एवढा खटाटोप कशासाठी? चवीसाठी, असे आई सांगेल. ते खरेच आहे. पण दुसरे कारण समजून घ्यायला डुकराच्या पिलाच्या पोटात डोकवावे लागेल. नाक मुरडू नका! डुकराची पचनसंस्था आणि आपली पचनसंस्था यांत पुष्कळ साम्य आहे.

रानडुकरीण पिलांचे दूध तीन-चार महिन्यांत हळूहळू तोडते. मोठ्या व्यापारी वराहपालनात मात्र पिलू तीन-चार आठवड्यांचे होताच त्याला आईपासून वेगळे करतात. कालपर्यंत ऊन दूध, आज समोर कोरडे खाद्य! बिचारे पिलू एक-दोन दिवस धड खातच नाही. त्याच्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूस बोटांसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. उपास पडताच हे अंकुर आखूड होतात. जठरातील आम्लही अजून पुरेसे तयार होत नसते.

अशा नाजूक वेळी खाद्यात कच्चे सोयाबीन आले तर? सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. तेल काढलेल्या पेंडीत त्याहूनही अधिक. पण झाडाने ही शिदोरी आपल्या अंकुरासाठी साठवलेली असते, तुमच्या-आमच्यासाठी नव्हे. तिच्या राखणीसाठी बियांत काही खास पदार्थ असतात. त्यांतील एक पदार्थ ट्रिप्सिनला जखडून ठेवतो. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे, प्रथिनांचे तुकडे करणारे विकर आहे. कात्रीच बांधून ठेवली, तर कापड कापणार कसे? न पचलेली प्रथिने तशीच मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे जंतूंची चंगळ होते, ते भराभर वाढतात आणि पिलाला हगवण लागते. अशक्त पिलू त्यात दगावतेही.

कच्च्या सोयाबीनवर उंदरांची नीट वाढ होत नाही, शिजवल्यावर होते, हे अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखवले होते. त्याचे एक कारण 1945 मध्ये हाती लागले: मोझेस कुनिट्झ यांनी ट्रिप्सिनला अडवणारा तो पदार्थ सोयाबीनमधून स्फटिकरूपात वेगळा काढला. तसलेच पदार्थ वालातही असतात. मोड आणल्याने ते कमी होतात आणि उष्णतेने बरेचसे निकामी होतात. बिरड्याचा खटाटोप वाया जात नाही, तो असा.

म्हणून पेंडीला वाफेची ऊब देतात. पण येथेही तारेवरची कसरत असते. ऊब कमी पडली तर कात्री बांधलेलीच राहते. जास्त झाली तर लायसिन हे मोलाचे अमिनो आम्ल शर्करेशी जखडले जाते आणि पिलाला मिळत नाही. शिवाय सोयाबीनची काही प्रथिने कोवळ्या आतड्याला मुळीच मानवत नाहीत; ऊब देऊनही ती पुरती जात नाहीत. त्यासाठी पेंड आंबवून घेतात. इडलीचे पीठ आंबवतो त्याच जातीची ही युक्ती!

पूर्वी हगवणीवर सोपा तोडगा होता: खाद्यातच प्रतिजैविके मिसळायची. पण त्यामुळे औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात, आणि ते माणसांपर्यंतही पोचू शकतात. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे 2006 मध्ये थांबवले. भारतात 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्य-प्राण्यांना देण्यास बंदी झाली. हगवणीवर दिले जाणारे झिंक ऑक्साइडचे मोठे डोसही युरोपात 2022 मध्ये बंद झाले. तेव्हापासून पेंड कशी तयार केली आहे, याला फारच महत्त्व आले.

पेंडीला पुरेशी ऊब मिळाली की नाही, हे कारखान्यात कसे ओळखतात? तुम्हीही करून पाहा. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते. तेही ओल्या उष्णतेने निकामी होते. दोन परीक्षानळ्यांत चिमूटभर युरिया पाण्यात विरघळवा. एकीत कच्च्या सोयाबीनची पूड टाका, दुसरीत अर्धा तास उकळून वाळवलेल्या सोयाबीनची. पाच मिनिटांनी दोन्हींत तांबडा लिटमस कागद बुडवा. कच्च्या पुडीच्या नळीत अमोनिया तयार झाल्यामुळे कागद निळा होईल. दुसरीत तो तांबडाच राहिला, तर तुमचे सोयाबीन नीट शिजले आहे. प्रयोग झाल्यावर हात मात्र साबणाने धुवा.